गोष्टीतलं वाक्य कुठून सुरू होतं?

'लास्ट इयर आय वेंट टु माय व्हिलेज. आय वेंट बाय एसटी. आय सॉ माय अंकल अ‍ॅट द स्टँड. आय वॉज व्हेरी हॅपी. देन वी स्टार्टेड वॉकिंग. देन इट स्टार्टेड रेनिंग. सडनली अ स्नेक केम ऑन द रोड. आय वॉज व्हेरी अफ्रेड.'

हा उतारा मी नमुन्यासाठी रचला आहे, पण पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. यात व्याकरणाची एकही चूक नाही. काळ बरोबर, क्रियापदांची रूपं बरोबर, शब्दयोगी अव्ययं जागच्या जागी. मजकूरही कमी नाही: गाव आहे, काका आहेत, पाऊस आहे, रस्त्यात साप आहे. तरी वाचताना अंगावर काटा येत नाही. तपासणारे शिक्षक मध्यम गुण देतात आणि समासात 'भाषा सुधारा' एवढंच लिहितात. त्या शेऱ्यातून मुलाला काही कळत नाही. भाषेत चूक नाही, मग सुधारायचं काय?

या आठ वाक्यांचे फक्त आरंभ एकाखाली एक लिहून पाहा. लास्ट इयर. आय. आय. आय. देन वी. देन इट. सडनली अ स्नेक. आय. गोष्टीत काय घडलं ते या यादीतून कळत नाही. कळतं ते इतकंच, की लिहिणारा प्रत्येक वाक्य नव्यानं सुरू करतो आणि आधीच्या वाक्यातून काहीही पुढे नेत नाही. काका तिसऱ्या वाक्यात भेटतात आणि लगेच नाहीसे होतात. पाऊस येतो, पण पुढे त्याचा काही उपयोग नाही. साप तर वाक्याच्या तोंडालाच येऊन उभा राहतो. वाचकाची नजर अजून रस्त्यावर गेलेलीही नसते.

आता तोच मजकूर वेगळ्या आरंभांनी: 'अंकल वॉज वेटिंग अ‍ॅट द स्टँड विथ अ टॉर्च. बाय द टाइम वी क्रॉस्ड द स्ट्रीम, इट वॉज रेनिंग. ही हेल्ड अप द टॉर्च. इन इट्स स्मॉल सर्कल ऑफ लाइट ले अ स्नेक.' शब्द साधेच आहेत, शाळेतल्या इंग्रजीतले. 'सडनली' नाही, 'व्हेरी अफ्रेड'ही नाही. पहिल्या वाक्याच्या शेवटी आलेली बॅटरी तिसऱ्या वाक्यात काका उचलतात, चौथं वाक्य त्या बॅटरीच्या उजेडापासून सुरू होतं आणि साप शेवटच्या शब्दावर दिसतो. लिहिणाऱ्याला ज्या क्रमानं साप दिसला, त्याच क्रमानं तो वाचकालाही दिसतो.

वाक्याच्या या सुरुवातीच्या भागाला भाषाशास्त्रात 'थीम' म्हणतात आणि उरलेल्या भागाला 'रीम'. साहित्याच्या तासाला ज्याला कथेची थीम म्हणतात, म्हणजे कथेचा आशय, त्याच्याशी हिचा संबंध नाही. प्रत्येक वाक्याला स्वतःची थीम असते. वाक्य जिथून निघतं ती थीम, आणि तिथून निघून ते जे सांगतं तो रीम. शाळेतलं उद्देश्य आणि विधेय याच्या जवळचं आहे, पण तेच नाही. 'इन इट्स स्मॉल सर्कल ऑफ लाइट ले अ स्नेक' या वाक्याचं उद्देश्य 'अ स्नेक' आहे आणि थीम आहे उजेडाचं वर्तुळ. या दोहोंतली फट कळली की लेखनाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

ही दृष्टी कुठून आली, ते सांगण्यासारखं आहे. १८४४ साली आँरी वेल या अभिजात भाषांच्या अभ्यासकानं फ्रेंचमध्ये एक प्रबंध लिहिला. प्राचीन आणि आधुनिक भाषांतल्या शब्दक्रमाची तुलना हा त्याचा विषय. व्याकरणाची रचना आणि विचाराची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोलणारा एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोचतो आणि हा प्रवास प्रत्येक भाषा आपापल्या सोयीनं करते, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा. पुढे प्राग शहरात विलेम मातेझिउस यांनी तो धागा उचलला. मातेझिउस चार्ल्स विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९२६च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या खोलीत काही अभ्यासक जमले, त्यांत रोमान याकबसनही होते, आणि त्या बैठकीतून प्राग भाषाशास्त्र मंडळ उभं राहिलं. मातेझिउस यांची दृष्टी पुढे जवळजवळ गेली, तरी त्यांचं काम थांबलं नाही.

त्यांची मातृभाषा चेक. चेकमध्ये विभक्तीमुळे शब्द मोकळेपणानं मागेपुढे करता येतात आणि बोलणारा साधारणपणे माहीत असलेलं आधी, नवं नंतर ठेवतो. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म ही जागा ठरलेली. मग माहीत असलेली वस्तू कर्म असेल तर इंग्रजी काय करते? ती कर्मणी प्रयोग वापरते आणि त्या वस्तूला कर्त्याच्या जागी आणून बसवते. इंग्रजीच्या वर्गात कर्मणी प्रयोग एरवी नुसता रूपांतराचा सराव म्हणून येतो. चेक कानानं ऐकल्यावर तो वाक्यरचनेतला मोठा आधार ठरतो. १९३९ साली मातेझिउस यांनी चेकमध्ये या विषयावर लिहिलेला लेख आजही पायाभूत मानला जातो.

इंग्लंडमधले मायकेल हॅलिडे यांनी हा विचार इंग्रजीच्या व्याकरणात पक्का बसवला. जन्म १९२५, गाव लीड्स. पण त्यांचा पहिला अभ्यास होता चिनी भाषेचा. ते बीजिंगला जाऊन शिकले आणि केंब्रिजची त्यांची डॉक्टरेट 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथाच्या चिनी रूपावर होती. १९६७-६८मध्ये त्यांचे इंग्रजीतल्या थीमवरचे लेख आले, १९७६मध्ये ते सिडनी विद्यापीठात गेले आणि १९८५ साली त्यांचं कार्यलक्ष्यी व्याकरणाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. मातेझिउस चेकमधून इंग्रजीकडे आले, हॅलिडे चिनीतून वळसा घालून परतले. इंग्रजीचा वाक्यारंभ ज्यांनी नीट पाहिला त्यांच्याकडे पाहण्यासाठी दुसरी भाषा होती. आपल्या विद्यार्थ्यांकडेही ती आहे. मराठीतून इंग्रजीकडे येणं हे या बाबतीत ओझं नाही, उलट हाताशी असलेलं भांडवल आहे, असं माझं ठाम मत आहे. अडचण इतकीच, की ते भांडवल वर्गात कुणी उघडायला सांगत नाही.

एकेका वाक्याची थीम ओळखता आली की पुढचा प्रश्न येतो: परिच्छेदात या थीम एकामागून एक कशा येतात? याचं उत्तर फ्रांटिशेक दानेश या चेक अभ्यासकानं १९७४ साली मांडलं. त्यानं वाक्यारंभांच्या तीन मुख्य चाली दाखवल्या. पहिलीत एका वाक्याचा शेवट पुढच्याचा आरंभ होतो; गाण्याच्या भेंड्यांत शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं सुरू व्हावं तसं. दुसरीत सगळी वाक्यं एकाच व्यक्तीपासून किंवा वस्तूपासून निघतात. तिसरीत एक मोठी गोष्ट मनात धरलेली असते आणि प्रत्येक वाक्य तिच्या एका अंगापासून सुरू होतं: गावाचं वर्णन करताना एक वाक्य देवळापासून, एक विहिरीपासून, एक शाळेपासून.

पहिली चाल मराठी कानाला नवी नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आधी नगर येतं. मग त्या नगरात कोण राहतं ते येतं. मग त्याला किती बायका किंवा मुलं आहेत ते. मग त्यांच्यातली एक कशी होती ते. दर पावलाला नवी माहिती शेवटी येते आणि पुढचं वाक्य तिथूनच निघतं. व्रताची कहाणी ऐकत वाढलेल्या मुलीला ही चाल कुणी शिकवावी लागत नाही.

शाळेतल्या इंग्रजीच्या परीक्षेतही ती नकळत जमते. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, असा प्रश्न असतो. म्हातारा शेतकरी, चार मुलगे, रोजची भांडणं, काटक्यांची मोळी. मुलं लिहितात: 'देअर वॉज अ‍ॅन ओल्ड फार्मर. ही हॅड फोर सन्स. दे ऑलवेज क्वॉरल्ड.' दानेशच्या पहिल्या चालीचा हा स्वच्छ नमुना आहे. शेतकरी रीममध्ये आला, मग 'ही' झाला; मुलगे रीममध्ये आले, मग 'दे' झाले. पण ही साखळी मुलानं बांधलेली नसते. ती प्रश्नपत्रिकेतल्या मुद्द्यांच्या क्रमातच बांधून आलेली असते. महाविद्यालयात गेल्यावर प्रश्न बदलतो: तुमच्या आयुष्यातला न विसरता येणारा प्रसंग लिहा. आता मुद्दे कुणी देत नाही. समोर नुसती आठवण असते आणि आठवणीला असा क्रम नसतो. मग हात सगळ्यात जवळचा शब्द धरतो: 'आय'.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'आय'नं वाक्य सुरू करणं हा दोष नाही. स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगताना दुसरी चाल, म्हणजे एकच थीम धरून पुढे जाणं, अगदी स्वाभाविक आहे. कथा माणसांबद्दल असते, म्हणून कथेतली बहुतेक वाक्यं माणसांपासूनच सुरू होतात. 'लागोपाठ दोन वाक्यं आयनं सुरू करू नका' असं शिक्षक सांगतात, मुलं ऐकतात आणि मग कथेत 'मोअरओव्हर', 'अ‍ॅज अ मॅटर ऑफ फॅक्ट', 'इन धिस वे' असे शब्द घुसतात. वादाच्या निबंधातले हे शब्द पावसात भिजणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाहीत. विचारायचं ते 'आय' किती वेळा आलं हे नाही. हे वाक्य खरंच 'मी'पासून निघायला हवं होतं का, हे विचारायचं.

आणि इथेच मराठीकडे वळून पाहावं. कहाण्या ऐकत वाढलेली ती मुलगी गावचा प्रसंग मैत्रिणीला मराठीत सांगते तेव्हा काय म्हणते? 'मला ताप आला. हातातली पिशवी पडली. घराची आठवण झाली. रडू आलं.' चार वाक्यं, आरंभ चार: मला, हातातली पिशवी, घराची आठवण, रडू. आता ती इंग्रजीत लिहिते: 'आय गॉट फीव्हर. आय ड्रॉप्ड द बॅग. आय रिमेंबर्ड माय होम. आय क्राइड.' चारही आरंभ 'आय'. मराठीत अनुभव माणसाकडे चालून येतो. ताप येतो, आठवण होते, रडू येतं, भीती वाटते, राग येतो. वाक्य कधी त्या भावनेपासून निघतं, कधी वस्तूपासून, कधी 'मला'पासून. इंग्रजीत यातलं बरंचसं कर्त्याच्या एका साच्यात ओतावं लागतं, आणि मुलीनं मराठीत सहज साधलेला फरक ओतताना सपाट होतो. तो परत मिळवता येतो: 'द बॅग स्लिप्ड फ्रॉम माय हँड.' 'द थॉट ऑफ होम मेड मी क्राय.' अशी वाक्यं तिनं धड्यांत वाचलेली असतात. ती आपल्या गोष्टीसाठी आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मराठीत कर्ता गाळता येतो, ही दुसरी गोष्ट. 'पहाटे उठलो, चहा घेतला, पिशवी उचलली आणि निघालो.' यात 'मी' एकदाही नाही. क्रियापदाच्या रूपावरून आणि संदर्भावरून तो समजतो. इंग्रजीत कर्ता गाळता येत नाही, हे मुलाला पक्कं शिकवलेलं असतं, म्हणून तो चारदा 'आय' लिहितो. पण एकाच कर्त्याच्या जोडलेल्या क्रियांमध्ये इंग्रजीही कर्ता एकदाच घेते: 'आय गॉट अप, ड्रँक माय टी, पिक्ट अप द बॅग अँड लेफ्ट.' चार क्रियांना एक आरंभ. मुलांना ही रचना वाचताना कळते, लिहिताना मात्र तिच्यावर विश्वास बसत नाही.

मराठीतलं 'ऊन' हेही असंच. 'दाराला कडी घालून, बॅटरी घेऊन तो निघाला.' किरकोळ क्रिया मागे राहतात आणि मुख्य क्रिया ठळक होते. विद्यार्थ्याच्या इंग्रजीत या तिन्ही क्रिया तीन सरळ वाक्यं होतात, तिन्ही सारख्या वजनाची, आणि कडी घालणं निघण्याइतकंच महत्त्वाचं ठरतं. उलट 'जेव्हा-तेव्हा'ची जोडी जशीच्या तशी इंग्रजीत उतरते: 'व्हेन आय रीच्ड होम, देन आय सॉ.' मराठीला दोन्ही टोकं हवी असतात, इंग्रजीला पहिलं पुरतं. पण या चुकीतही एक चांगली गोष्ट लपलेली आहे. वेळेचं वाक्य आधी टाकून वाचकाला तिथे उभं करायचं, मग घटना सांगायची, ही जाण त्या मुलाला आहे. हॅलिडेंच्या भाषेत ही 'चिन्हित' थीम. नेहमीचा कर्ता बाजूला ठेवून वेळ, स्थळ किंवा कर्म मुद्दाम पुढे आणलेलं असतं. शिक्षक 'देन' खोडतात ते बरोबरच, पण वाक्याची सुरुवात चांगली आहे हेही त्याच वेळी सांगायला हवं.

शब्दक्रमाचं तर विचारूच नका. 'मांजरीनं दूध सांडलं' आणि 'दूध मांजरीनं सांडलं', दोन्ही शुद्ध मराठी. पहिलं मांजरीबद्दल बोलतं, दुसरं दुधाबद्दल. दूध सांडल्याचं ठाऊक आहे, कुणी सांडलं ते आता कळतं. लहान मूलसुद्धा यात गल्लत करत नाही. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यासाठी 'द मिल्क वॉज स्पिल्ट बाय द कॅट' म्हणावं लागेल, किंवा 'कॅट'वर जोर द्यावा लागेल. शाळेत कर्मणी प्रयोग 'व्हॉइस बदला' म्हणून शिकवला जातो: दहा वाक्यं, दहा रूपांतरं, दहा गुण. तो कधी वापरायचा, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. कथेत तो वापरायची वेळ वारंवार येते. काका पुढे चालले होते, ते ओढ्याशी थांबले, त्यांनी खाली पाहिलं, आणि त्यांना साप चावला. मराठीत 'त्यांना' आरंभी आलं आणि काका हातचे सुटले नाहीत. इंग्रजीत 'अ स्नेक बिट हिम' लिहिलं की आतापर्यंत काकांपासून निघणारी वाक्यं एकदम सापापासून निघतात. 'ही वॉज बिटन ऑन द फूट' लिहिलं की काकांचा धागा टिकतो. प्रागमध्ये मातेझिउस यांनी इंग्रजीत पाहिलं ते हेच. मराठी मुलाला तीन मिनिटांत पटेल असं हे आहे, फक्त उदाहरण 'राम किल्ड रावण'चं नको, त्याच्या स्वतःच्या गोष्टीतलं हवं.

विद्यार्थ्यांच्या लेखनात थीम-रीमचे दोष नेमके कोणते होतात, हे टॉमस आणि मेरिएल ब्लूअर या दोघांनी १९९२ साली मांडलं. त्यांचा रोख शास्त्रीय लेखनाकडे होता, पण त्यांचे तीन प्रकार कथेलाही लागू पडतात. एक, अगदी कोरी गोष्ट थीमच्या जागी ठेवणं; आपल्या उताऱ्यातला साप तो हाच. दुसरा, एकाच वाक्यात दोन नव्या गोष्टी कोंबणं, मग वाचकाला पुढे कुठली पकडायची ते कळत नाही. तिसरा, रीम रिकामा असणं. वाक्य लांब असतं, पण त्यात नवं काही नसतं. माद्रिदमधल्या इसाबेल अलोन्सो बेल्मोन्ते आणि अ‍ॅन मॅकेब यांनी १९९८ साली इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश विद्यार्थ्यांचं लेखन याच चौकटीतून तपासलं आणि त्यात एकच थीम धरून बसण्याची भर घातली. म्हणजे 'आय, आय, आय' ही मराठी मुलांची खोड नव्हे. परक्या भाषेत लिहिणाऱ्याची ती सावध चाल आहे.

रिकाम्या रीमवर थोडं थांबतो, कारण कथेचं सर्वांत जास्त नुकसान त्यानं होतं. 'आय वॉज व्हेरी हॅपी.' 'द सीन वॉज व्हेरी ब्यूटिफुल.' 'इट वॉज अ‍ॅन अनफर्गेटेबल एक्सपीरियन्स.' ही वाक्यं मूल का लिहितं? त्याला त्या क्षणाचं मोल सांगायचं असतं. ही इच्छा चुकीची नाही. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेत्स्की यांनी १९६७ साली सामान्य माणसांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवकथा तपासल्या आणि दाखवलं, की मूल्यमापन, म्हणजे 'हे मी का सांगतोय' याचं उत्तर, कथेचा आवश्यक भाग आहे. पण चांगला सांगणारा ते वेगळं वाक्य करून सांगत नाही. तो ऐन क्षणी घटना अडवतो. काका काय म्हणाले, हात कसा थरथरला, आपण काय करायला हवं होतं आणि केलं नाही, हे तो मध्ये घालतो आणि पुढचं लांबवतो. 'व्हेरी अफ्रेड' लिहिणारा विद्यार्थी हेच करू पाहतो आहे. त्याला शेरा द्यायचा तर 'हे वाक्य काढ' असा नको, 'साप दिसल्यावर काकांनी काय केलं?' असा हवा. उत्तर लिहिताना 'काका' किंवा 'काकांचा हात' आपोआप थीम होतो.

लबॉव्ह-वॉलेत्स्कींच्या मांडणीतून 'देन'चाही उलगडा होतो. त्यांच्या मते कथेची व्याख्याच अशी, की घटना सांगणारी वाक्यं घडलेल्या क्रमानं येतात. क्रम बदलला तर अर्थ बदलतो. म्हणजे भूतकाळातली दोन वाक्यं पाठोपाठ ठेवली की दुसरं नंतर घडलं, हे वाचकाला कळतंच. 'देन' तेच पुन्हा सांगतं. मराठी गोष्ट सांगताना आपण 'मग' म्हणतो ते ऐकणाऱ्याचं लक्ष धरण्यासाठी, श्वास घेण्यासाठी. कागदावर ते काम उरत नाही. हॅलिडे थीमचे तीन थर सांगतात. 'अँड', 'देन', 'बट' हे वाक्यं जोडणारे शब्द. 'प्लीज', 'मेबी', कुणाला मारलेली हाक हे बोलणाऱ्याचा भाव दाखवणारे. आणि शेवटी प्रत्यक्ष आशयाचा पहिला घटक, ज्यापाशी थीम पुरी होते. विद्यार्थ्यांच्या कथेत पहिला थर जाड आणि तिसरा पातळ असतो. दुसरा जवळजवळ नसतोच, कारण कथेत संवाद नसतात. दोन माणसं बोलू लागली की हाका येतात, प्रश्न येतात, 'यू' येतं, आणि आरंभांची यादी न सांगता बदलते.

चिन्हित थीमची योग्य जागा ओळखणं याहून अवघड. सिडनीमध्ये जिम मार्टिन, जोन रॉदरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून शाळकरी मुलांच्या लेखनाचे प्रकार पाडले. नुसत्या क्रमानं सांगितलेला अनुभव त्यांनी एका बाजूला ठेवला; अडचण उभी राहून तिचं काहीतरी होतं, ती कथा दुसऱ्या बाजूला. आपल्या विद्यार्थ्यांची बहुतेक 'नॅरेटिव्ह' पहिल्या प्रकारात बसतात. सहल निघाली, पोचली, जेवण झालं, परतली. अडचण नाही म्हणून वळणं नाहीत, आणि वळणं नाहीत म्हणून चिन्हित थीमला काम नाही. ती एकदा 'वन डे'मध्ये येते आणि संपते. कथेत वळण असेल तर वेळेचा किंवा जागेचा आरंभ त्या वळणावरच पडतो: 'बाय द टाइम वी क्रॉस्ड द स्ट्रीम'. वाचकाला कळतं, की आता काहीतरी बदलणार. हाच आरंभ दर दुसऱ्या वाक्याला वापरला तर कळणार नाही.

मग वर्गात काय करता येईल? संशोधक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौण वाक्यं मिळून एक घटक धरतात, ज्याला केलॉग हंट यांनी १९६५ साली टी-युनिट म्हटलं, आणि प्रत्येक घटकाची थीम मोजतात. विद्यार्थ्याला मोजणीची गरज नाही. पेन्सिल घ्यावी, आपल्या कथेतल्या प्रत्येक वाक्याचा आरंभ अधोरेखित करावा, ते शब्द एका रांगेत उतरवून काढावेत आणि शेजारच्याला द्यावेत. शेजाऱ्यानं फक्त ती रांग वाचून सांगायचं: गोष्ट कुणाची, कुठे घडली, कुठे वळली. सांगता आलं नाही तर कुठली दोन वाक्यं बदलायची, ते बहुधा लिहिणाऱ्याला स्वतःलाच दिसतं. शिक्षकानं लाल पेनानं दुरुस्ती करण्यापेक्षा हे परिणामकारक ठरेल, कारण बदल कशासाठी करायचा ते हातातल्या कागदावर समोर असतं.

याच्याही आधी एक पायरी मी सुचवेन. कथा प्रथम मराठीत, तोंडी, कुणाला तरी सांगावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करावी. मग ऐकत ऐकत मराठी आरंभ लिहून काढावेत: 'स्टँडवर तर', 'काकांच्या हातात', 'ओढ्यापाशी', 'बॅटरीच्या उजेडात', 'मला तर'. वाक्याचं भाषांतर करायचं नाही, फक्त या आरंभांना इंग्रजीत जागा शोधायची. 'स्टँडवर' सरळ 'अ‍ॅट द स्टँड' होतं. 'काकांच्या हातात'साठी वाक्याची रचना उलटावी लागते किंवा काकांनाच कर्ता करावं लागतं. 'मला तर' सर्वांत अवघड. तो 'तर' बाकीच्यांपासून मला वेगळं काढतो: काका शांत होते, मला तर पाय उचलवेना. इंग्रजीत हे साधायला काकांचं वाक्य आधी लिहावं लागतं, मगच 'आय' वेगळा उठून दिसतो: 'अंकल वॉज काम. आय कुड नॉट लिफ्ट माय फीट.' इथे 'आय' हवाच. त्याच्या जागी दुसरी कुठलीही थीम चालणार नाही.